चुन्याची टोळी आणि शांतीशेठची पेढी

जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्यांकडं पैसा साठत नाही, किस्से साठतात. भिंत उकरली की आधी माती निघते, मग चुना निघतो, आणि मग गावातलं कुणीतरी येऊन उभं राहतं आणि किस्सा सुरू होतो. माझ्याकडं आता इतके झालेत की घरातले ऐकून ऐकून उठून जातात. म्हणून एका कामाचे तुम्हाला सांगते.

मी बोरी बुद्रुकची. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि या धंद्यात पडले. किसनमामा आमचे मुख्य गवंडी. तालुक्यात आम्हाला 'चुन्याची टोळी' म्हणतात, कारण सिमेंटची गोणी आम्ही साइटवर येऊ देत नाही. काम होतं शांतीशेठच्या पेढीचं. पेढी म्हणजे त्यांचं किराणा आणि धान्याचं दुमजली दुकान. पुढं सागवानी खांब, वर कोरीव सज्जा. शेठचे पणजोबा राजस्थानातून आले आणि त्यांनी ती बांधली. गावाचं नाव सांगत नाही, शेठ रागावतील. जुन्नरच्या आसपास समजा.

शेठचा मुलगा निलेश. त्याला पेढी पाडून तिथं कॉम्प्लेक्स उभं करायचं होतं. त्याच सुमारास एक योजना आली. जुनी इमारत जुन्याच पद्धतीनं दुरुस्त करा, दर्शनी भाग मूळ रूपात ठेवा आणि घरपट्टीत सवलत मिळवा. बापलेकांचा माझ्यासमोर सौदा झाला. निलेश म्हणाला, "सवलत मिळाली तर पेढी राहील. नाय मिळाली तर पाडायची." शेठ म्हणाले, "ठरलं." शेठ एकदा 'ठरलं' म्हणाले की संपलं, हे अख्ख्या पेठेला माहीत होतं.

*

आमच्या चुन्यात हिरडा, बेलफळ आणि गूळ पडतो. हिरडा भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातून आला. गूळ शेठच्याच दुकानातून घ्यायचा होता. शेठनी आतून पिवळाधमक, एक नंबरचा गूळ काढून दिला.

किसनमामा म्हणाले, "शेठ, काळा द्या. भिंतीला कुठं चव कळती?"

शेठना ते लागलं. "मामा, या पेढीवरून आजपर्यंत कुणाला हलका माल गेला नाय. आता पेढीलाच देऊ?"

आठवडाभर गावाला चांगला गूळ मिळाला नाही. कुणी विचारलं की शेठ भिंतीकडं बोट दाखवायचे.

*

हा चुना घाण्यात मळतात. जमिनीत गोल चर, चरात दगडी चाक, आणि चाक ओढायला बैल. आम्हाला बैल मिळेना. निलेशचा एक मित्र म्हणाला, "आमचा मन्या न्या, दोन दिवस." मन्याचं आमच्याकडं एवढं नाव की त्याला जुंपायचं म्हणजे आम्हालाच मान वाटला. पण मन्या बैलगाडा शर्यतीचा. त्याला गोल फिरायची नाही, सरळ पळायची सवय, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

जुंपला, तर जागचा हलेना. किसनमामांनी सवयीनं हात वर करून "हुर्रर्र" केलं. झालं. मन्या सुटला, तो सरळ. चाक चराबाहेर, दांडा मोडला, आणि मन्या भाजीबाजारातून थेट वेशीपर्यंत. लोक भिंतीला चिकटून उभे.

मालक धावत आला. मी हात जोडून सांगितलं, "दादा, चूक झाली. बैलाला लागलं नाही, तुमच्यासमोर आहे."

त्यानं मन्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "ताई, येशीपर्यंत सेकंद किती लागली?"

*

शेजारी एक नवी बिल्डिंग होती. तिचा मालक रोज सकाळी दात घासत आमच्याकडं बघायचा. एकदा न राहवून बोलला, "राव, तुमचा एक कोपरा व्हायच्या आत माझे तीन मजले झाले व्हते."

किसनमामांनी थापीवरची नजर काढली नाही. "व्हय. आन् गळायला बी लागले."

*

खांबांवर ऑइलपेंटचे थरावर थर होते. आम्ही ते खरवडत होतो, तर खाली एक पोपट निघाला. लाकडात कोरलेला, चोचीत आंबा. निलेश फोनवर बोलत चालला होता, तो थांबला. लहानपणापासून त्याच खांबाला टेकून बसलेला माणूस, आणि त्यानं तो पोपट कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःची खरवडणी घेऊन आला. तिसऱ्या दिवशी बर्म्युडा घालून आला. दुपारभर घासायचा, केसांत रंगाचा भुगा.

किसनमामा म्हणाले, "निलेशभाऊ, पाडायचीच हाय, मग कशाला घासताय?"

"पाडायच्या आधी स्वच्छ नको का?" निलेश म्हणाला.

मला हसू आलं आणि भरूनही आलं. शेठ गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी फक्त आमच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

*

तपासणीचा दिवस. सवलत द्यायची की नाही ते ठरवायला साहेब येणार होते. मी सकाळी पोचले आणि रस्त्यातच उभी राहिले. पेढी दिसेना! समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्स. त्यावर पेढीचाच फोटो, खालून लायटिंग मारलेली, आणि अक्षरं, 'आमची पेढी, आमची शान'. निलेशनं रातोरात पुण्याहून छापून आणला होता. वाऱ्यानं पडू नये म्हणून लोखंडी फ्रेम केली होती आणि ती सज्ज्याच्या तुळईत बोल्ट मारून घट्ट बसवली होती.

साहेब आले. बराच वेळ वर बघत राहिले.

"फोटो सुंदर आहे," ते म्हणाले. "इमारत कुठं आहे?"

फ्लेक्स उतरवला. साहेबांनी एकेक खांब हातानं चाचपला, पोपट पाहिला, चुन्याच्या भिंतीवरून तळवा फिरवला. खूश होते, ते दिसत होतं. मग तुळईपाशी थांबले. सागवानात आरपार ताजी भोकं. नियम त्यांनाही होता. "दर्शनी भागाला हात लागलाय. यंदा सवलत देता येणार नाही," ते म्हणाले. "भोकं नीट बुजवा आणि पुढच्या वर्षी अर्ज करा. काम मात्र मी असं कुठं पाहिलं नाही."

शेवटचं वाक्य ऐकून आमची छाती फुगली. आणि लगेच सौदा आठवला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी पेढी उघडली, दिवाबत्ती केली आणि निलेशला हाक मारली. मी आणि किसनमामा हत्यारं गोळा करायला आलो होतो.

"सवलत मिळाली नाय," शेठ म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "ठरलं ते ठरलं. जा, पाडायची परवानगी काढून आण."

निलेशनं गाडीची किल्ली घेतली. मला म्हणाला, "ताई, तुमी बी चला. इमारतीचं काही विचारलं तर सांगायला." किसनमामांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. तुळईवरून हात फिरवत उभे राहिले.

गाडीवर मी मागं बसले. माझ्या हातची पहिली मोठी इमारत होती ती.

ऑफिसात निलेश परवानगीच्या टेबलाकडं गेला नाही. पलीकडं घरपट्टीच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खिडकीतला कारकून ओळखीचा होता. त्यानं कालचं सगळं ऐकलं होतं.

"आरं निलेश, तुमी पाडणार हाय ना? मग भरतोस कशाला? आन् ठेवायची असंल तर थांब की, पुढच्या वर्षी सूट मिळंल."

निलेशनं पैसे खिडकीतून आत सरकवले.

"सूट आमी गिऱ्हाइकाला देतो," तो म्हणाला. "पुरी घ्या."