सासूबाईंची एकेचाळीस पानं

माझ्या सासूबाईंची एकेचाळीस पानं मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली आणि मग उठून साबणाने हात धुतले. कॉम्प्युटरमधला रोग बोटांना लागत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण पन्नाशीची, एम.ए. झालेली, वीस वर्षं शाळेत शिकवलेली ती बाई बेसिनपाशी उभी राहून नखांच्या खालूनसुद्धा घासत होती. आज ती मला भेटली, तर मी तिला बसवीन, पाणी देईन आणि कीबोर्ड उचलून कपाटात कुलूप लावून ठेवीन.

कॉम्प्युटर लेकीचा. ती नोकरीला पुण्याला गेली आणि जबलपूरला कांचघर भागातल्या आमच्या घरात तो माझ्या वाट्याला आला. मी त्यावर मराठी टाइप करायला शिकले. इंग्रजी कळा दाबायच्या आणि पडद्यावर मराठी अक्षरं उमटायची, असा तो फॉन्ट होता. रोज चार वाजता सासूबाई चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या सांगत, मी टाइप करी. दुसऱ्या दिवशी आधी कालचं वाचून दाखवायचं आणि मग पुढचं घ्यायचं, हा नेम.

हे सगळं विहाराच्या पुस्तिकेसाठी चाललं होतं. विदर्भातून इथे येऊन राहिलेल्या आमच्या जुन्या माणसांच्या आठवणी जयंतीला छापायच्या होत्या. त्यात सासूबाईंचं नाव सर्वांत वर, कारण छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेच्या दिवशी त्या नागपूरला मैदानावर होत्या. डोक्यावर ऊन, अंगावर पांढरं लुगडं, कडेवर दोन वर्षांचा मुलगा. जबलपूरला परत आल्या आणि पंधरा दिवसांत राज्यं बदलली, नागपूरचं माहेर दुसऱ्या राज्यात गेलं. कडेवरचा तो मुलगा म्हणजे आमचे हे. ह्यांनी ही गोष्ट ज्याला सांगितली नाही असा माणूस गावात मिळणं कठीण. ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही हे सांगत, “मैं था वहाँ, माँ की गोद में.”

बाकीची पानं सासूबाई दोन-दोनदा वाचायला लावत. मैदानाची पानं आली की मात्र म्हणत, हे ठीक आहे, पुढचं वाच. मला वाटे, केवढी नम्र बाई.

पुस्तिका महिन्यावर आली आणि कॉम्प्युटर रांगायला लागला. एक पान उघडेपर्यंत कुकरच्या दोन शिट्ट्या होत. म्हणून विजय नगरच्या एका दुकानात नेऊन त्यात सगळं नवं टाकून आणलं. दुकानदाराने सांगितलं, सब वैसा का वैसा है. फोटो होतेही तसेच. सासूबाईंची पानं उघडली आणि त्यात मराठीचं एक अक्षर नव्हतं. डॉलरच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं, डोक्यावर टोपी घातलेले ए, मध्येच अर्धा कंस. एकेचाळीस पानं, सगळी तशी.

दुकानात फोन केला तर आधी बराच वेळ गाणं ऐकवलं, मग तो म्हणाला, आमच्याकडे तर ठीक उघडत होतं. त्याने ती उघडून पाहिलीच नसणार, हे मी आज म्हणते. तेव्हा मी “अच्छा भैया” म्हणून फोन ठेवला.

मग लेकीला फोन. आमचा फोन बैठकीत, त्याची तार आखूड, आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत. त्यामुळे हे दोन्हींच्या मधल्या दारात उभे राहिले. लेक ह्यांना सांगणार, हे मला सांगणार, मी पाहून ह्यांना सांगणार. लेकीने विचारलं, पडद्यावर नेमकं काय दिसतंय? मी शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात वाचून दाखवलं: डॉलर, टोपीवाला ए, दोन टिंबं, अर्धा कंस. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बैठकीत गेले आणि फोनमध्ये म्हणाले, “कचरा दिसून राहिला.” तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा वाचलं, आणि पुन्हा तेवढंच तिच्यापर्यंत पोहोचलं. तासाभराने ती थकली. मदन महलला एक ओळखीचे मेकॅनिक आहेत, रविवारी येतील, तोवर कशालाही हात लावू नकोस, असा तिचा निरोप आला. हा निरोप मात्र ह्यांनी अक्षरशः पोहोचवला.

तो दिवस बुधवार होता. चार वाजता सासूबाई कप घेऊन आल्या. मी म्हटलं, मशीन बिमार आहे. त्यांनी त्याच्यावर मायेने फडकं मारलं आणि गेल्या. गुरुवारी येऊन विचारलं, आज बरं वाटते का त्याले? मला रडायला आलं. सीडीवर एक प्रत काढून ठेव, असं लेक कधीपासून सांगत होती. सगळं संपलं की काढते, असं मी तिला कधीपासून सांगत होते.

शुक्रवारी मला वाटलं, टोपीवाले ए वाढले आहेत. वर्तमानपत्रात व्हायरसबद्दल वाचलेलं होतंच. त्याच कॉम्प्युटरमध्ये लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो होते. लोणच्याच्या बरणीत वर बुरशी दिसली तर आपण काय करतो? तेवढा थर काढून फेकतो, म्हणजे खालचं वाचतं. मी पानं एकेक करून कचऱ्याच्या टोपलीत टाकली. टोपलीत तरी रोग कशाला ठेवायचा, म्हणून टोपलीही रिकामी केली. खरंच पुसायचं का, असं कॉम्प्युटरने मला विचारलंसुद्धा. माझ्यापेक्षा त्याला जास्त अक्कल होती. मी हो म्हटलं. मग साबण.

रविवारी मेकॅनिक आले. माझ्याच वयाचे, आधी कचेऱ्यांमधले टाइपरायटर दुरुस्त करत. मी बहिणीला टाइप केलेलं, माझ्या नजरेतून सुटलेलं एक पत्र त्यांना सापडलं, त्यातही तेच टोपीवाले ए. त्यांनी पिशवीतल्या एका सीडीवरून तो मराठी फॉन्ट पुन्हा मशीनमध्ये टाकला, चार कळा दाबल्या, आणि पडद्यावर स्वच्छ मराठीत आलं: प्रिय ताई, लोणच्याला बुरशी दिसली तर वरचा थर काढून टाक, दया दाखवू नको.

“अक्षर तो सब वहीं थे, दीदी,” ते म्हणाले. “बस उनके पास कपड़े नहीं थे. बाकी पन्ने दिखाइए.”

बाकी पानं कुठे आहेत, हे मला त्या भल्या माणसाला सांगावं लागलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. संध्याकाळपर्यंत ते त्या मशीनच्या पोटात शोधत राहिले. दोन अर्धवट फोटो वर आले, पानं नाही आली.

सासूबाईंनी ऐकलं आणि चहाचा कप विसळायला नेला. हे जेवताना ताटाकडे पाहून एवढंच म्हणाले, “त्यात मी होतो.” मी पोळी वाढायला उठले ती स्वयंपाकघरातच थांबले.

पुन्हा सांगा, मी आता वहीत लिहिते, असं मी सासूबाईंना तीनदा म्हटलं. एकदा त्यांचं डोकं दुखलं, एकदा गुडघे. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “आता काहीच आठवून नाही राहिलं.” त्यांची स्मरणशक्तीही मीच टोपलीत टाकली, असं मला वाटलं. पुस्तिका छापून आली. सासूबाईंच्या पानावर त्यांचा फोटो, खाली नाव आणि मग कोरा कागद.

प्रकाशनाला हे एकटे गेले. सासूबाईंनी पाय दुखतात म्हणून सांगितलं, आणि मला विहारात तोंड दाखवायचं नव्हतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलो होतो. मी पुन्हा माफी मागायला लागले आणि रडू आवरेना.

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे तीन वर्षांपूर्वी गेले, आणि शेवटपर्यंत सांगत होते की आपण मैदानावर होतो. म्हणून सासूबाई त्या दिवशी लसणीची पाकळी खाली ठेवून जे बोलल्या, ते आज लिहिते आहे:

“रडू नको वं. बरं झालं गेलं ते. त्या दिवशी मी नागपूरले गेलोच नव्हतो. तुह्या नवऱ्याले गोवर निघाला होता, मी इथंच त्याच्या उशाशी बसून होतो. तुह्या सासऱ्यानं येऊन जे सांगतलं, तेच मी माह्यं करून सांगत गेलो. छापून आलं असतं तं मले सुखानं मरताही आलं नसतं. त्याले सांगू नको. आमी दोघंही गेल्यावर लिही, पण मंग खरं लिहिजो.”