चहाबाज आतोबा

सांगलीच्या हळदपेठेत चहाला भिणारा एकच व्यापारी होता आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा होता. एरवी पेठ दणाणून सोडणारे आतोबा घोटभर चहाने पार गळून जात. छातीत धडधड, बोटांना कंप, आणि रात्रभर डोळे टक्क उघडे. पेठेत तर भाव तोंडाने बोलायची रीत नव्हती, उपरण्याखाली बोटं दाबूनच सौदा व्हायचा. एकदा भिडेखातर त्यांनी कपभर चहा घेतला, हात थरथरला, जास्तीचं एक बोट दाबलं गेलं आणि माल चढ्या भावाने गळ्यात पडला. आत्या म्हणाली, "आवं, ही हळद तुमी न्हाई घेतली, चहानं घेतली." मग आतोबांनी भाजलेल्या गव्हाची कॉफी करून पाहिली, धन्याजिऱ्याचा काढा पाहिला, पहिलं पाणी फेकून दुसऱ्या पाण्याचा चहाही पाहिला, त्यावर ते पहाटेपर्यंत अंगणात फेऱ्या घालत होते. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून मला विचारलं. चहात कॅफीन नावाचं द्रव्य असतं, एवढं मी हळूच सांगितलं. "मग निवडून काढ की पोरी, तांदळातलं खडं काढतीस तसं." शेवटी गवती चहा मानवला. त्याची जुडी कोटाच्या खिशात असल्याशिवाय ते कुठल्या घरची पायरी चढत नसत.

माझे वडील पलटणीत, दूर लढाईवर. म्हणून लग्नाची बोलणी करायला साताऱ्याला आतोबा आणि आत्या गेले. ते स्थळ मला मनातून हवं होतं. मी कुणाला बोलले नव्हते, पण आतोबांनी ओळखलं असावं. मुलाची आई मानी. आधीच्या पाहुण्यांनी कप तसाच ठेवला म्हणून तिने बोलणी मोडली होती. आत्या सांगते, त्या दिवशी जुडी खिशातून बाहेर आलीच नाही. आतोबा दोन कप प्याले, वर "चहा लय फक्कड" म्हणाले. सोयरीक जुळली. आतोबांचा मात्र दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

लग्नानंतर ते पहिल्यांदा आले, तेव्हा सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "पाव्हणं चहाबाज हायती. मोठा पेला भर." मी माहेरून आणून परसात लावलेल्या गवती चहाच्या ठोंबाची पानं उकळली, गुळाने रंग आणला, दूध घातलं. आतोबांनी फाशी जाणाऱ्याच्या चेहऱ्याने पेला उचलला, वास घेतला आणि एकदाच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"चहा लय फक्कड, विहीणबाई."

दुपारभर सोप्यात त्यांचं घोरणं चाललं होतं. "एवढा चहा पिऊन झोप कशी लागती ह्यास्नी?" सासूबाईंनी विचारलं. मी खाली मान घालून भांडी विसळत राहिले.

गेल्या साली आतोबा गेले. ठोंब अजून कापावा तेवढा वाढतो, आणि सासूबाई मोठा पेला दुसऱ्या पाहुण्यांसाठी काढू देत नाहीत.