शेवटच्या ओळीखालची रेघ

माझं अक्षर वाकडं आहे, लिहिण्यात चुकाही असतील. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेवढं माफ असावं.

उन्हाळ्यात आमच्या पाड्याची पाण्याची मोटर जळली. घरटी पाचशे रुपये काढून आम्हीच ती दुरुस्त केली. मग देवळात बैठक झाली. ग्रामसेवक आणि पाणीखात्याचे साहेब म्हणाले, "या अर्जावर सह्या करा, तुमचे पैसे परत मिळतील." कोणी पेन हातात घेईना. माझ्या सासऱ्यांचा अंगठा असाच एका कागदावर घेतला होता, आणि माळावरची जमीन गेली होती.

"सही पायजे तवा बरे गोड बोलतात," शेजारची काकू पुटपुटली.

मी चारचौघांत कधी बोलत नाही. पण ते पाचशे माझ्या मजुरीचे होते. मी म्हटलं, "आदी वाचून दाखवा. आन् शेवटच्या ओळीखाली रेघ मारा, मागून काय घुसवायला नको."

साहेब हसले, पण त्यांनी सगळं वाचलं आणि रेघ ओढली. रेघेखाली पहिली सही मी केली, मग बाकीच्यांनी.

तरी धाकधूक होतीच. लावणी उरकल्यावर खर्डीच्या बँकेत जाऊन पासबुक छापून आणलं. पाचशे रुपये पुरे जमा होते.