ताईने लावलेली सवय

आमची ताई मानववंशशास्त्र शिकली आणि नोकरीला लागली ती माकडांच्या मागे. आईच्या डोक्यात हे कधी शिरलंच नाही. "माणसांचं शास्त्र शिकलीस ना? मग माणसांत बस की," ती म्हणायची. ताई समजावायची, की माणूस कळायचा तर त्याचे चुलतभाऊ बघावे लागतात. त्यावर आई म्हणायची, चुलतभाऊच बघायचे तर आपल्याकडे काय कमी आहेत? तेही झाडावर चढलेलेच आहेत.

मी तिची धाकटी बहीण. माझं शिवणाचं दुकान आहे, आणि तोंडाने मी फटकळ आहे. गल्लीतली माणसं तिला माकडताई म्हणायची तेव्हा मी त्यांच्याशी भांडायचे आणि घरी येऊन स्वतः तेच म्हणायचे. बहिणीला नावं ठेवायचा हक्क बहिणीचाच, दुसऱ्या कुणाचा नाही.

तिचं काम काय, तर बसणं. खरंच सांगते, बसणंच. रोज एकाच रंगाचा सदरा घालून (तो मीच शिवायचे) टोळीपासून लांब बसायचं. हलायचं नाही, खायला द्यायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. पहिली दोन वर्षं माकडं तिला बघून पळत होती. मग थांबू लागली. मग एक दिवस कान फाटलेली एक तरणी माकडीण तिच्या शेजारून, दगडाशेजारून जावं तशी शांतपणे गेली. ताईने त्या दिवशी मला फोन केला आणि बोलताना तिला रडू आवरेना. माणसाची भीती गेली, आता खरं काम सुरू, म्हणाली. मी म्हटलं, भले शाब्बास, आता भाऊबंदकीही सुरू होईल. त्या माकडिणीचं नाव तिने आत्या ठेवलं, कारण ती हुबेहूब आमच्या आत्यासारखी तोंड पाडून बसायची. खऱ्या आत्याला आम्ही हे शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

पुढची बारा-पंधरा वर्षं तिची चांगली गेली. आत्याला लेकी झाल्या, लेकींना पोरं झाली, आणि ताई सगळ्यांची कुंडली तोंडपाठ सांगायची. माझ्या मुलाची इयत्ता मात्र दरवेळी चुकायची.

मग जंगलातून रस्ता रुंद झाला. ट्रक थांबू लागले, ड्रायव्हर केळी टाकू लागले. दुसऱ्या कुठल्या टोळीने माणूस बघून झाड गाठलं असतं. ही टोळी बघत बसली. माणूस म्हणजे गप्प बसणारा, निरुपद्रवी प्राणी, हे त्यांना ताईनेच शिकवलं होतं ना! आत्या ट्रकखाली गेली. दोन पिल्लं कुणीतरी पोत्यात घालून नेली, विकायला. पोतं उघडणाऱ्याच्या हातात ती आपणहून गेली असणार, असं ताई म्हणाली.

ती काम सोडून आमच्याकडे आली. माझ्या स्वयंपाकघरात खिडकीशी बसून राहायची. आमचे हे म्हणाले, जाऊ दे, दु:ख उतरेल. मला मात्र संताप यायचा. तिचा नाही, तिच्या गप्प बसण्याचा. शेवटी मीच कॉलेजातल्या शिकवायच्या नोकरीची जाहिरात तिच्यासमोर आपटली. शाश्वत विकास नावाचा सक्तीचा विषय, दुपारच्या जेवणानंतरचा तास. कुणालाच नको होता, म्हणून हिला मिळाला. ती पुस्तकातून वाचून दाखवायची, मुलं डुलक्या घ्यायची. पालथ्या घड्यावर पाणी! घडा तरी कुणाचा, हिचाच पालथा.

अशातच त्या जंगलातला रक्षक, ताईच्या ओळखीचा, घरी आला. म्हणाला, उरलेली टोळी अजून रस्त्यावर येते. आम्ही हाकलतो, तर थोडी बाजूला सरकून पुन्हा येऊन बसतात. मग जरा घुटमळून म्हणाला, "ताई, त्यांना माणूस म्हणजे तुम्हीच वाटता. तुम्ही दगड उचलल्याशिवाय ती पळायची नाहीत."

ताईने फक्त विचारलं, की कधी येऊ.

मी सोबत गेले. तिने तोच जुना सदरा घातला होता. टोळीने तिला लांबूनच ओळखलं. आत्याची धाकटी लेक छातीशी पिल्लू घेऊन आली आणि ताईकडे पाठ करून बसली. रक्षक हळूच म्हणाला, पाठ फक्त भरवशाच्या प्राण्याकडेच करतात. ताईने मातीचं ढेकूळ उचललं होतं, ते हातातच राहिलं. मी म्हटलं, आण इकडे, मी मारते.

"तू मारून उपयोग नाही, छोटे," ती म्हणाली.

आणि तिने दात विचकले. माकडांसमोर दात दाखवणं म्हणजे भांडण काढणं, म्हणून इतकी वर्षं ती त्या जंगलात हसलीसुद्धा नव्हती. ती ओरडली, ढेकूळ फेकलं, ते त्या लेकीच्या पायाशी फुटलं. ती पळाली नाही. वळून ताईकडे बघत राहिली. ताईने दुसरं उचललं. ते तिच्या खांद्याला लागलं.

पुढे कितीतरी रविवार आम्ही गेलो. येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडायची आणि मी तिचा हात धरून बसायचे. दुसरं काय करणार? एका रविवारी मात्र आम्ही उतरताच फांद्या हलल्या आणि रस्ता रिकामा झाला. रक्षकाने टाळी वाजवली. ताई तिथेच दगडावर बसली.

दुसऱ्या दिवशी ती चष्मा घरी विसरली. तो द्यायला मी कॉलेजात गेले आणि मागच्या बाकावर टेकले. चष्म्यावाचून पुस्तक वाचता येईना, म्हणून असेल, ती वर्गाला हे सगळं सांगत होती. सदरा, आत्या, ट्रक, ढेकूळ, सगळं. एकही मूल झोपलं नव्हतं. आपल्या मायेचा खर्च समोरच्याला किती पडतो, हे बघायला मी फार उशीर केला, असं ती म्हणाली.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही खूप वर्षांनी गेलात, तर ती तुम्हाला ओळखतील?"

"ओळखतील," ताई म्हणाली. "म्हणून तर पळतील."