पोशीरची गुरवीण

पोशीरच्या देवळामागं नागू गुरवाचं घर. येसूबाई लग्न होऊन त्या घरात चौदाव्या वर्षी आली, त्याला आता तेवीस वर्षं झाली होती. देऊळ झाडायचं, समया घासायच्या, बेल-फुलं आणायची ती तिनं. देवाला कौल लावायचा तो नागूनं. कुणाचं पोर तापलं, कुणाची म्हैस हरवली, की माणूस थेट दारात येई आणि नागू भरल्या ताटावरून उठून जाई. ताट झाकून येसूबाई वाट बघत बसे. त्याच्याआधी जेवायची रीत नव्हती. गरम भात कसा लागतो ते ती विसरूनच गेली होती.

बासष्ट साली ती साजगावला भावाकडं गेली. हिरामण तिथल्या एका कारखान्यात कामाला होता. रविवारी दुपारी कँटीनच्या खिडक्यांना गोणपाटं लावून कामगारांच्या घरच्यांना इंग्रजी सिनेमा दाखवला. कुणालाच काही कळेना. बाकीच्या बाया पोरांना घेऊन उठल्या. येसूबाईचे पाय दुखत होते, ती बसून राहिली.

पडद्यावर लहानशा गावातला एक पाद्री होता.

"त्यांच्यातला गुरवच म्हन," हिरामण म्हणाला.

दार वाजलं की पाद्री जेवण टाकून उठे. त्याची बायको बशीवर झाकण ठेवी आणि खिडकीशी जाऊन बसे. येसूबाई पुढं सरकून बघू लागली. शेवटी ती बाई ट्रंकांत भांडी भरताना दिसली.

"कुटं चालले रं?"

"बदली झाली असंल. त्यांच्यात व्हते."

"तिला कुनी इचारलं का?"

"तसं काय दिसलं नाय."

येसूबाई पदर सावरून उठली. सिनेमा तिला आवडला नसावा, असंच हिरामणला वाटलं.

ती पोशीरला परतली त्याच आठवड्यात गावातला येसाजी भर दुपारी दारात आला. त्याची म्हैस सकाळपासून सापडत नव्हती. नागूनं दोनच घास खाल्ले होते. तो उठू लागला.

"बसा तुमी," येसूबाई म्हणाली. मग दाराकडं वळून, "भावजी, ओटीवर टेका. जेवून येतील."

नागूनं तिच्याकडं पाहिलं. तिनं त्याला भात वाढला आणि समोर बसून स्वतःलाही वाढून घेतला. तो खाली मान घालून जेवला, भिंतीला पाठ टेकली आणि बसल्या बसल्याच झोपला. त्याला उठवायचा तिला धीर झाला नाही.

"झोपलेत," तिनं बाहेर येऊन सांगितलं. "वढ्यापल्याड बगितलं का?"

येसाजी तणतणत गेला. म्हैस संध्याकाळी आपणहून घरी आली, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. गुरवीण माजली, एवढं मात्र गावभर झालं. ते ऐकून नागू दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी विहिरीवरून पाणी त्यानंच आणून ठेवलं.

पुढं माणसं जेवणं उरकल्यावर येऊ लागली. बाकी काही बदललं नाही. देऊळ तिनं आणखी सोळा वर्षं झाडलं.