हळू आणि सावकाश

तुमच्या घरातली सून वाचू लागली आणि तिचा आवाज ओटीपर्यंत आला, तर तुमचे नेमके काय बिघडते?

आमच्या ठाण्याच्या घरात पुष्कळ बिघडे. माझी वहिनी कल्याणची, माहेरी मराठी शिकून आलेली. मुलींच्या शाळेत मास्तरीण व्हायचे तिने मनात धरले होते, आणि त्यासाठी थोडे इंग्रजी लागे. दादाची संमती होती. आईची अट एकच: शाळेच्या मडमेने नापसंत केले, तर पुस्तक त्याच दिवशी बंद. म्हणून दुपारी मी वहिनीला माजघरात शिकवी, आणि स्वयंपाकघरातून आई सारखी म्हणे, "हळू गं, हळू."

शेवटी शेवटी आम्ही वेगाचे शब्द घेतले. मिठाची होडी खाडीतून स्लोली जाते, आगगाडी फास्ट जाते.

"भावोजी, स्लोला 'ली' लागते, क्विकला लागते. मग फास्टनेच काय पाप केले?"

"तो घाईत असतो, वहिनी. शेपूट लावायला थांबत नाही."

"म्हणजे तुमच्यासारखाच. जेवताना पाहते ना मी."

मडम परीक्षा घ्यायला आली त्या दिवशी मी शाळेच्या पडवीत बसलो होतो. दार उघडेच होते. वहिनी घाबरून भराभर वाचू लागली. मडम म्हणाली, "रीड स्लोली." स्लोली म्हणजे हळू, हे वहिनीला पक्के ठाऊक. तिने आवाज उतरवला. मडम पुन्हा म्हणाली, "स्लोली." आवाज आणखी उतरला. मग नुसते ओठच हलू लागले, तेव्हा मडमेने पुस्तक घ्यायला हात पुढे केला.

वहिनी पुस्तक सोडीना. "आय रीड व्हेरी स्लोली, मडम," ती म्हणाली. "नोबडी हिअर्स."

तेव्हा कुठे घोटाळा मडमेच्या लक्षात आला. मग तिने मेजावर दोन बोटे पायांसारखी टेकवली आणि एकेक पाऊल चालवून दाखवली.

"अगबाई, सावकाश होय," वहिनी हसली, आणि इतके खणखणीत वाचू लागली की रस्त्यातला भाजीवाला पाटी घेऊन उभाच राहिला.

जागा तिला मिळाली. घरी आईने विचारले, "मोठ्याने वाचलेस?"

"हो, सासूबाई. हळू वाचून बघितले, ते त्यांना ऐकूच येईना."

इंग्रजीचे मला फार कौतुक नाही. पण त्यांचा तो शब्द नुसता वेग आवरतो. आपला शब्द बायकांचा गळाही आवळतो. तेव्हा एवढे करा. आज आपल्या घरच्या मुलीला वाचायला बसवा, आणि ती घाई करू लागली तर तिला 'सावकाश' म्हणा.