श्वास आत घ्यायचा असतो

यंत्र खराब आहे, हे मी मेडिकलवाल्याला वर माझ्या खाटेपाशी बोलावून सुनावलं. न्यूमोनिया होऊन मी नगरच्या एका दवाखान्यात पडलो होतो. डॉक्टरांनी श्वासाच्या व्यायामासाठी प्लास्टिकचं एक यंत्र लिहून दिलं होतं. शेजारी शेजारी तीन नळ्या, प्रत्येकीत तळाशी एक रंगीत गोळी, आणि तोंडात धरायला एक लवचिक नळी. ती तोंडात धरून मी जीव खाऊन फुंकलं. गोळी हलेना. पुन्हा फुंकलं. खोकल्याची उबळ आली, पण गोळ्या जागच्या जागी.

"बदलून दे, न्हाईतर निम्म्यात दे," मी मेडिकलवाल्याला म्हणालो.

तेवढ्यात व्यायाम शिकवणारी मुलगी आत आली. तिनं यंत्र बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, फुंकायचं नाही. ओढायचं. नळीनं सरबत पितो तसं."

मेडिकलवाला निघून गेला, तेव्हा दारात माझा जुना भागीदार उभा असलेला दिसला. हातात मोसंब्यांची पिशवी. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"बाई, शेठनं जन्मभर वारा बाहेरच सोडला," तो मुलीला म्हणाला. "आत घ्यायचं त्यांना कुणी शिकवलंच न्हाई."

मुलगी हसली. खाटेशी बसलेली माझी बायकोही हसली, हे मी अजून विसरलेलो नाही.

मुलीकडे दाखवायला आणलेलं दुसरं यंत्र होतं. तिला नवी नळी लावायला सांगून भागीदारानं ते हातात घेतलं. खांदे हलले नाहीत, छाती फुगली नाही. तिन्ही गोळ्या वर गेल्या आणि वरच राहिल्या. तो माझ्याकडे बघत होता, आणि गोळ्या खाली येत नव्हत्या. त्या दिवशी मला एक गोळीसुद्धा धड उचलता आली नाही.

आम्ही दोघं कांद्याचे अडते. शेतकरी कांदा आमच्या गाळ्यावर उतरवतो, आम्ही लिलाव पुकारतो, व्यापारी बोली लावतात. मी काट्यावर गोण्या उचलण्यापासून सुरुवात केली. तो लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. आम्ही भागीदारीत गाळा घेतला तेव्हा आवाज माझा मोठा होता. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला मी भाव ऐकवायचो. तरी शेतकरी त्याला म्हणायचे, "तुमी पुकारा." भागीदारी मोडली तेव्हा तीन खणांचा गाळा त्याच्याकडे गेला. माझ्या बाजूला वजनकाटा येत होता, म्हणून मला दोनच खण मिळाले. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, हे खरं. पण चिठ्ठ्यांच्या घड्या कुणी घातल्या होत्या?

म्हणून त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी छातीचं चित्र दाखवलं तेव्हा मी आधी वाटणी बघितली. उजव्या फुप्फुसाला तीन खण, डाव्याला दोन.

"डाव्याला कमी का?" मी विचारलं.

"तिथं हृदय असतं ना, काका. त्याला जागा द्यावी लागते."

म्हणजे तिथंही कुणाचा तरी वजनकाटा आडवा आलाच होता.

मुलगी समजावून सांगणारी होती. हवा नाकातून जाते, तिथं ती गरम होते, ओली होते, धूळ अडते. मग श्वासनलिका, तिला दोन फाटे, त्यांना आणखी फाटे, आणि शेवटी द्राक्षांच्या घडासारखे बारीक फुगे. त्या फुग्यांच्या भिंतीला रक्ताच्या नळ्या बिलगलेल्या असतात. प्राणवायू रक्तात जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साईड बाहेर येतो. ज्या बाजूला जास्त तिकडून कमी असलेल्या बाजूला, आपोआप. ना घासाघीस, ना दलाली. असला बाजार मला पटला नाही, पण माझ्या छातीत तो जन्मापासून भरत होता, आणि न्यूमोनियानं त्यातल्या बऱ्याच गाळ्यांत पाणी शिरलं होतं.

मग तिनं माझा हात माझ्या पोटावर ठेवला. "फुप्फुसं स्वतः हवा ओढत नाहीत. त्यांच्याखाली स्नायूचा पडदा असतो, श्वासपटल. ते खाली सरकलं की छातीत जागा होते आणि हवा आत येते. ते सैल पडलं की हवा आपली आपण बाहेर जाते. म्हणजे मेहनत आत घेण्याची आहे. तुम्ही खांदे उचलता. पोट पुढं आलं पाहिजे."

घरी आल्यावर मी रोज ते यंत्र ओढलं. पंधरवड्यात दोन गोळ्या वर जायला लागल्या. तिसरी जाईना. तेवढ्या काळात माझ्या गाळ्यावरचा लिलाव भागीदारच पुकारत होता, शेजारधर्म म्हणून. रोज कुणीतरी येऊन सांगायचं, आज भाव चांगला काढून दिला. आणि मला तिसरी गोळी आणखी जड व्हायची.

डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हणून सांगितलेलं असताना मी एका सोमवारी गाळ्यावर गेलो. जामखेडकडच्या एका शेतकऱ्याची वक्कल होती, म्हणजे त्याच्या एकसारख्या मालाचा एक ढीग. माल लालभडक, कोरडा. तो जुना माणूस, दहा वर्षांपासून माझ्याकडे माल उतरवणारा. "शेठ, तब्येत बरी हाय ना? न्हाईतर शेजारच्यांना सांगू," तो म्हणाला. त्या शब्दांनी माझं डोकं फिरलं. मी स्वतः पुकारायला उभा राहिलो.

आमच्या बाजारात एक नियम आहे: दम तुटला, सौदा तुटला. पुकारणाऱ्याकडून आवाज येत राहील तोवर बोली चढते. तो गप्प झाला की शेवटच्या बोलीवर माल सुटतो. हा नियम मीच लावून घेतला होता, तरुणपणी, माझा आवाज सगळ्यांना पुरून उरायचा तेव्हा. रेंगाळत पुकारणाऱ्यांना मी त्यानं चेपलं होतं.

बाराशेवर बोली आली. मी "बाराशे, बाराशे, बाराशे दहा" म्हणत चढलो, आणि पुढचा आकडा उच्चारायच्या आधी छातीत हवा संपली. मी थांबलो. एवढाच वेळ, की माणूस आवंढा गिळेल.

"सुटला," व्यापारी म्हणाला.

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. माल सोळाशेचा होता, डोळ्याला दिसत होता. आवाज ऐकून शेजारून भागीदार आला. मला वाटलं, माझी बाजू घेईल.

"नियम तुझाच हाय," तो म्हणाला. "त्याला कशाला शिव्या देतो?"

गोण्या भरून होईपर्यंत शेतकरी कांद्याकडे बघत राहिला. जाताना म्हणाला, "निम्मा माल घरी हाय. गुरुवारी आणतो. कुठं उतरवायचा ते तवा बघू." माझा गाळा राहतो की जातो, हे त्या एका वाक्यात होतं. तो शेजारी गेला असता तर त्याच्या पाठोपाठ जामखेडकडच्या सगळ्या गाड्या गेल्या असत्या.

मंगळवार आणि बुधवार मी तोंडाला फडकं बांधून खुर्चीत बसलो आणि भागीदाराला पुकारताना बघितलं. मत्सर असल्याशिवाय माणूस दुसऱ्याच्या पोटाकडे दोन दिवस बघत नाही. त्याची एक खोड सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. पुकारता पुकारता तो एक कांदा उचलतो, कानाशी नेतो, अंगठ्यानं टरफल चुरतो आणि त्याचा चुर्र आवाज व्यापाऱ्यांना ऐकवतो. माल किती वाळलाय ते कळावं म्हणून. वीस वर्षं मला तो नखरा वाटायचा, आणि मी त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करून हसवायचो.

बुधवारी दुपारी मला दिसलं. टरफल चुरताना सगळ्यांचे डोळे कांद्यावर होते, कान टरफलावर. आणि खाली त्याचा सदरा पुढं आला होता. खांदे स्थिर, पोट फुगलेलं. बोली तुटली नव्हती, कारण आवाज चालू होता. आवाज कांदा करत होता. तो श्वास घेत होता.

गुरुवारी शेतकरी आला. टेम्पो दोन्ही गाळ्यांच्या मधोमध उभा केला आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करू नको म्हणाला. मी माझ्या गाळ्यावरची दुसऱ्या एकाची वक्कल पुकारायला घेतली. तेराशेला छाती रिकामी व्हायला लागली. मी कांदा उचलला, कानाशी नेला, टरफल चुरलं. श्वासपटल खाली सरकल्याचं मला कळलं, दवाखान्यात माझा हात ज्या ठिकाणी ठेवला होता तिथंच. हवा आत आली. चौदाशे. पुन्हा कांदा. पंधराशे. माल पंधराशे ऐंशीला सुटला आणि मी स्वतः होऊन गप्प झालो.

टेम्पोचं इंजिन बंद झालं. शेतकऱ्यानं टेम्पोचा फाळका माझ्या बाजूला पाडला.

भागीदार त्याच्या गाळ्याच्या कडेला उभा होता. तो रागावेल, चोर म्हणेल, असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. तो सावकाश जवळ आला.

"वीस वर्षं लागली व्हय?" तो म्हणाला. मग माझ्या पोटाकडे बघत आवाज खाली आणून, "कांदा जरा खाली धर. लई वर धरलास की पोट दिसतं."

म्हणजे मी बघत होतो ते त्याला माहीत होतं. मंगळवारी, बुधवारी, आणि कदाचित त्याआधीची सगळी वर्षं. उत्तर द्यायला जेवढी हवा लागते तेवढी मला पुढच्या वकलीसाठी ठेवायची होती.

जामखेडच्या कांद्याचा ढीग लागला. मी पुकारायला उभा राहिलो आणि कांदा खाली धरला.